ज्याचं कुलूप त्याची किल्ली

सोमवार, २ फेब्रुवारी

आज नवरा जेवताना झोपला. हातात घास, तोंड अर्धवट उघडं, आणि डोळे मिटलेले! धाकटी खुदखुदायला लागली. सहा वर्षांची आहे, तिला गंमत वाटते. थोरली हसली नाही. आपलं ताट उचलून आत निघून गेली.

सासूबाई म्हणाल्या, "उठवू नको गं. दमलाय."

दमलाय! तो दमलाय हे घरात सगळ्यांना दिसतं. दमवला कुणी, हे कुणी विचारत नाही. विचारलं तर पहिलं बोट सासूबाईंकडेच जाईल. काल रविवारी त्यांच्या बहिणीचा पंखा बसवायला यालाच पिटाळला होता, गावाच्या पार दुसऱ्या टोकाला.

त्याच्या हातातला घास मीच काढून घेतला. बोटं वंगणानं काळी झालीत. हल्ली साबणानंही जात नाही.

मंगळवार, ३ फेब्रुवारी

आज माझ्यादेखत तीनदा 'हो' म्हणाला. शेजारच्या निवृत्त हेडमास्तरांना (पाण्याचा पंप), भावजींना (नव्या दुकानातले दिवे), शाळेच्या पालक समितीला (मैदानाचं कुंपण). तिघांनाही एकच उत्तर — "काही प्रॉब्लेम नाही." आम्हा घरातल्या चौघींना आहे ना प्रॉब्लेम! पण आम्ही कुठं फोन करून विचारतो त्याला?

गुरुवार, ५ फेब्रुवारी

मी दिवसभर दातांच्या दवाखान्यात बसून लोकांना 'नाही' म्हणते. "आज जमणार नाही, काका. सोमवारी साडेअकरा." गाल सुजलेला माणूससुद्धा माझ्याकडून 'नाही' ऐकून शहाण्यासारखा घरी जातो. डॉक्टरबाई म्हणतात, तुझ्याइतकं गोड 'नाही' कुणाला जमत नाही. आणि घरी हा माणूस! भीड भिकेची बहीण म्हणतात, ती आमच्याकडे कायमची माहेरपणाला आलीये.

याचं लिफ्ट दुरुस्तीचं काम दोघांचं असतं. एक वर, एक खाली. याचा जोडीदार गेल्या वर्षी नोकरी सोडून गेला. साहेब म्हणाले, "या महिन्यापुरतं एकट्यानं सांभाळ, माणूस बघतोच आहे." चौदा महिने झाले. साहेब अजून बघतायत!

रात्रंदिवस एकच धास्ती. लग्न झालं तेव्हा त्यानं मला पहिली वस्तू दाखवली ती दागिना नव्हे, कुलूप! लाल, मुठीएवढं. त्याला एक पाटी — 'माणूस आत आहे. चालू करू नये.' लिफ्ट ज्यातून वर-खाली होते त्या विहिरीत उतरायच्या आधी मेन स्विच बंद करायचा, त्याला हे कुलूप लावायचं, किल्ली आपल्या खिशात. किल्ली एकच. ज्याचं कुलूप त्याची किल्ली — दुसऱ्यानं उघडायचं नाही, साहेबानंसुद्धा नाही. ज्यांच्या हाताखाली तो शिकला त्या मोठ्या मिस्त्रींनी एकदा, फक्त एकदा, "दोन मिनिटांचं काम आहे" म्हणून लावलं नाही. कुणीतरी खालून स्विच दाबला. त्यांच्या उजव्या हाताला तीन बोटं आहेत.

तेव्हा तो मला म्हणाला होता, "मी कितीही घाईत असलो तरी हे विसरणार नाही. तू घाबरू नकोस."

नव्हते घाबरत. चौदा वर्षं नव्हते घाबरत. आता जेवताना झोपणारा माणूस बघते आणि घाबरते. मला विधवा व्हायचं नाही. लिहिलं एकदाचं.

रविवार, ८ फेब्रुवारी

सुट्टी! सकाळी सातला हेडमास्तरांचा पंप. नऊला पालक समितीचं कुंपण. अकरापासून भावजींचं दुकान. मध्येच फोन — एका इमारतीत लिफ्ट अडकली. तिथं. मग परत दुकान.

संध्याकाळी आला तेव्हा मी दारातच सुरू झाले. म्हटलं, लष्कराच्या भाकऱ्या भाजायची एवढीच हौस असेल तर लष्करातच जायचं होतंस, निदान सुट्टी तरी मिळाली असती!

"अगं, भावानं विचारलं तर नाही कसं म्हणू?"

"तोंडानं."

"तुला सगळं सोपं वाटतं."

मला सोपं वाटतं! तीन वर्षांत मी एक सिनेमा पाहिलेला नाही. आपण दोघं शेवटचं कुठं नुसतेच चालत गेलो होतो, आठवतंय का, असं विचारलं. तो विचार करायला लागला. खरंच आठवू लागला बिचारा! मग मलाच रडू आलं आणि भांडण तिथंच फसलं.

बुधवार, ११ फेब्रुवारी

आज काही नाही. म्हणजे रोजचंच सगळं.

शनिवार, १४ फेब्रुवारी

थोरलीनं आज जे केलं, त्याला हसावं की तिला ओरडावं, कळत नाही.

संध्याकाळी सहाला बेल वाजली. मी दार उघडलं. समोर हा — खांद्याला हत्यारांची पिशवी, हातात कंपनीचा फोन. माझ्याकडे बघून दचकला.

"तू इथे काय करतेयस?"

"राहते," मी म्हटलं.

त्यानं फोनकडे पाहिलं, दाराकडे पाहिलं. नावाची पाटी वाचली, आपलीच. मग हळूहळू त्याच्या चेहऱ्यावर उजेड पडला. कंपनीत कुणीतरी तक्रार नोंदवली होती. पत्ता आमचा. तक्रार — 'लिफ्टमध्ये माणूस अडकला आहे, दोन तास झाले, ताबडतोब या.' आमची इमारत तीन मजली. लिफ्टच नाही!

थोरली आतून बाहेर आली. हाताची घडी. तेरा वर्षांची आहे, पण उभी राहिली माझ्या सासूसारखी. म्हणाली, "फोन केला की तुम्ही सगळ्यांकडे जाता ना, बाबा? म्हणून केला."

सासूबाई म्हणाल्या, "काय हा आगाऊपणा!" धाकटीला काही कळलं नाही, ती बाबांच्या पायाला चिकटली. तो हसला. मोठ्यानं हसला, थोरलीच्या केसांतून हात फिरवला, म्हणाला, "तक्रार बरोबर आहे." मग हात धुवायला मोरीत गेला. नळ खूप वेळ चालू होता. मी दाराशी जाऊन परत आले.

मला त्या हसण्याचं काही नाही. स्वतःच्या घराचा पत्ता वाचून त्याला ओळखू आला नाही. जिने चढला, बेल दाबली, तरी नाही!

रविवार, १५ फेब्रुवारी

तो दुकानात. मी दोन बादल्या कपडे, सासूबाईंचे केस, धाकटीचा अभ्यास, आणि त्याची हत्यारांची पिशवी. ती पिशवी म्हणजे उकिरडा झाली होती. सगळं काढून खिडकीत मांडलं, पिशवी घासून धुतली, उन्हात टाकली. संध्याकाळी वाळल्यावर भरून ठेवली. तेवढ्यात दोनदा दार वाजलं, एकदा कुकर करपला, धाकटीनं गुडघा फोडून घेतला. एक ना धड भाराभर चिंध्या, असा माझा रविवार.

बुधवार, १८ फेब्रुवारी

अक्षर कसंही येतंय, येऊ दे.

सकाळी दवाखान्यात निघाले होते. ऊन आत येत होतं म्हणून खिडकीचा पडदा सरकवला. पडद्यामागे कुलूप. लाल.

मी ते नुसतं बघत राहिले. रविवारी पिशवी भरताना पडद्याआड राहिलं. सोमवार. मंगळवार. आज. तीन दिवस हा माणूस विहिरीत उतरतोय आणि कुलूप माझ्या खिडकीत!

फोन लावला. उचलेना. कंपनीचा लावला. तोही उचलेना. सकाळी जाताना म्हणाला होता, बाजारामागची सहा मजली इमारत, दिवसभराचं काम. कुलूप पर्समध्ये टाकलं आणि धावले. चपलेचा अंगठा तुटला, तशीच धावले.

जुनी इमारत आहे ती. मेन स्विच तळमजल्यावरच, जिन्याखाली. तिथं एक गृहस्थ उभे होते, एका हातात भाजीच्या दोन पिशव्या, दुसरा हात वर. स्विचवर! "बंद कुणी केलाय हा?" असं काहीतरी पुटपुटत होते.

मी ओरडले. काय ओरडले ते आठवत नाही. त्यांच्या हातातल्या पिशव्या पडल्या, कांदे सगळीकडे. वरून, खूप वरून, हातोडीचा आवाज येत होता. ठण्, ठण्. जिवंत आहे.

कुलूप काढलं पर्समधून — बंद! खिडकीत ठेवलं तेव्हाच बंद होतं. आणि किल्ली वर, त्याच्या खिशात. बंद कुलूप कशात अडकवणार? डोक्याला लावायचं का?

जिना चढून वर जावं तर इथं खाली कोण थांबणार? मग मी स्विचला पाठ लावून उभीच राहिले.

एक तास चाळीस मिनिटं. कोण कोण आलं! पाचव्या मजल्यावरच्या बाई — "अहो, माझे गुडघे बघा." म्हटलं, "बाई, बसा जरा पायरीवर. लिफ्ट आज नाही." एक तरुण मुलगी गादी घेऊन. "आज नाही." इमारतीचे सेक्रेटरी आले, तावातावानं. "तुम्ही कोण? कंपनीनं बायका ठेवल्या वाटतं आता!" मी म्हटलं, "वर जो काम करतोय त्याची बायको. आणि हा स्विच दाबायचा असेल तर आधी मला इथून उचलून बाजूला ठेवावं लागेल." गेले. कांद्यांचे गृहस्थ मात्र भले. त्यांनी कांदे वेचले, मला पाणी आणून दिलं, आणि म्हणाले, "मी दाबणारच होतो हो." चार वेळा म्हणाले.

मग हा खाली आला. पुन्हा तेच, "तू इथे?"

मी कुलूप पुढं केलं.

त्यानं कुलपाकडे पाहिलं. स्विचकडे पाहिलं. खिसा चाचपला. किल्ली होती तिथं. चेहरा पांढराफटक.

"मला वाटलं, लावलंय," तो म्हणाला.

गुरुवार, १९ फेब्रुवारी

त्याला आठवतंय, म्हणतो. सोमवारी लावलेलं आठवतंय, मंगळवारी लावलेलं आठवतंय, त्या 'कट्' आवाजासकट. किल्ली खिशात हाताला लागत होती, म्हणजे कुलूप लावलेलंच असणार. जे केलंच नाही ते त्याला आठवतंय! याहून भयंकर काय असतं?

"पिशवीतून मीच काढून ठेवलं असेल," म्हणाला. "माझीच चूक."

खिडकीत मी विसरले, हे तोंडातून निघालं नाही. चार लोकांसमोर ओरडणारी मी, आणि नवऱ्यासमोर एवढं वाक्य फुटेना. उद्या सांगेन.

धाकटीच्या डोक्यावर हात ठेवून शपथ घेतली त्यानं, कुलपाशिवाय पुन्हा कधी कामाला हात लावणार नाही. सकाळी कुलूप तीनदा तपासलं आणि गेला. गेलाच! मला वाटलं होतं निदान एक दिवस घरी राहील. काय वाटतं मला तरी एकेक!

शुक्रवार, २० फेब्रुवारी

सांगितलं नाही.

शनिवार, २१ फेब्रुवारी

आज मी हट्टाला पेटले. म्हटलं, कंपनीचा फोन तुझ्याकडे ठेव. तुझा स्वतःचा इकडे दे. भाऊ, मावशी, मास्तर, समिती — जो कुणी फोन करेल त्याच्याशी मी बोलेन.

"तू किती जणांना नाही म्हणणार?"

"माझा धंदाच आहे तो."

त्यानं फोन दिला. लहान मुलानं खेळणं द्यावं तसा दिला, पण दिला. माझ्या पर्समध्ये टाकला. दुपारपासून सहा फोन. सहा 'नाही'. गोड! आज कितीतरी दिवसांनी झोप लागेल असं वाटतंय.

मंगळवार, २४ फेब्रुवारी

भावजींचा फोन. म्हटलं, तुमचा दादा येणार नाही. त्याला झोपू द्या. "बरं, बरं," म्हणाले. मग जरा थांबून, "वहिनी, मग तुम्ही येता का तासभर? माल आलाय, मांडायचाय. हिला आठवा महिना, तिला शिडीवर कसं चढवू?"

आता गरोदर जावेला शिडीवर चढवू का मी? दवाखाना सुटल्यावर गेले. तासभर म्हणता म्हणता तीन तास झाले.

बुधवार, २५ फेब्रुवारी

सासूबाईंच्या डोळ्यांची तपासणी आज. तो न्यायचा, मी नेलं. येताना मावशींकडे औषध पोचवलं. परत आले तर हेडमास्तर दारात, पेन्शनचे फॉर्म घेऊन. "तो भरून देणार होता." अर्ध्या-पाऊण तासाचं तर काम. बसले.

तो आज जेवताना जागा होता. भूक लागलीये म्हणाला. थोरलीनं शाळेतलं काहीतरी सांगितलं आणि त्यानं ते ऐकलं. मी आत ओटा पुसत होते, मला नीट ऐकू आलं नाही.

शुक्रवार, २७ फेब्रुवारी

पालक समितीच्या बाईंना 'नाही' म्हणायलाच फोन केला होता. स्नेहसंमेलनाचे चाळीस पोशाख शिवायला माझ्याकडे आले. कसे आले, विचारू नये.

दवाखान्यात आज दोन माणसांना एकच वेळ दिली. दोघंही दाढ धरून समोरासमोर बसले. डॉक्टरबाई काही बोलल्या नाहीत, नुसतं बघितलं. बोलल्या असत्या तर बरं झालं असतं.

रविवार, १ मार्च

तो धाकटीला घेऊन बागेत गेला. खरंच गेला! थोरलीही गेली. "तू पण चल ना," म्हणाला. मला दुकानात जायचं होतं. शिडीवर उभी राहून डब्यांना नावं चिकटवत होते. एकदा तोल गेला. काही नाही, सावरले.

सगळं मला हवं तसं चाललंय. तो बरा दिसतोय. मग मला आनंद का होत नाही? छातीवर कुणी बसलंय असं वाटतं सकाळी उठताना. रडायचं म्हटलं तरी कुठं आणि कधी? मोरीत गेले की धाकटी दार वाजवते.

कुलपाचं अजून सांगितलं नाही. अकरा दिवस झाले.

मंगळवार, ३ मार्च

पाय सुजलेत. बावीस पोशाख झाले, अठरा राहिले. कुणालातरी फोन करायचा होता. कुणाला?

गुरुवार, ५ मार्च

पाच वाजता शाळेतून फोन. "धाकटीला न्यायला अजून कुणी आलं नाही." मी म्हटलं, "चूक होतेय तुमची. मी तिला चारलाच आणलंय, आत चित्र काढत बसलीये." तिचा घामट हात माझ्या हातात होता, बूट घासत चालली म्हणून मी रागावले — सगळं आठवत होतं मला. आत जाऊन पाहिलं. खोलीत कुणी नव्हतं.

शाळेत फाटकाशी बसली होती. रडून रडून उचक्या लागलेल्या.

तो आला तेव्हा मी तिला मांडीवर घेऊन जमिनीवरच बसले होते. "मला वाटलं, आणलंय," मी म्हणाले. मग तेही सांगून टाकलं. पिशवी मी धुतली, कुलूप मी विसरले.

त्यानं पिशवीतून कुलूप काढलं, किल्लीनं उघडलं, माझ्या पर्सच्या दोन्ही चेनच्या कड्यांतून घातलं आणि दाबलं. कट्. कंपनीच्या फोनसकट दोघांचे सगळे फोन आत. किल्ली त्याच्या खिशात. 'माणूस आत आहे. चालू करू नये' ही पाटी सरळ केली आणि पर्स खुंटीला टांगली.

"अरे, मग उद्या कुलपाशिवाय कामावर कसा जाशील?"

"जाणार नाही."

पर्समध्ये फोन वाजायला लागला. सासूबाईंनी आतून विचारलं, "कुणाचा गं?"

"कुणाचा का असेना," तो म्हणाला, आणि माझ्याशेजारी जमिनीवर बसला.